हितसंबंध व भेटवस्तूंची घोषणा, नगरसेवकांची

महापालिकेसमोर आलेल्या एखाद्या कामात आपला, घरच्यांचा किंवा धंद्यातल्या भागीदाराचा पैशाचा संबंध असेल, तर नगरसेवकाने तो आधी सांगायचा, लेखी नोंदवायचा आणि तेवढ्या विषयापुरते चर्चेतून व मतदानातून बाजूला व्हायचे, अशी ही पद्धत. पदामुळे मिळणाऱ्या भेटी, पाहुणचार व प्रवासखर्च यांची नोंद ठेवणे हा तिचाच दुसरा भाग. नगरसेवकाचे दुकान असते, जमीन असते, मेहुणा बांधकामाच्या धंद्यात असतो. यात गैर काही नाही. ते न सांगता प्रस्तावावर हात वर केला, की गैर होते.

मुंबईत या पद्धतीला वजन येते ते पालिकेच्या व्यवहारामुळे. २०२५–२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. मोठ्या कंत्राटांचे प्रस्ताव स्थायी समितीकडे जातात, आरक्षित भूखंडांचे सुधार समितीकडे, झाडे तोडण्याच्या परवानग्यांचे वृक्ष प्राधिकरणाकडे. म्हणजे एकाच विकासकाचे काम तीन टेबलांवरून फिरते आणि तिन्हीकडे नगरसेवक बसलेले असतात. नालेसफाईचा प्रस्ताव पटलावर आला आणि एखादा सदस्य उठून म्हणाला, ‘या निविदेतल्या कंपनीत माझ्या भावाची भागीदारी आहे, मी बाहेर थांबतो’, आणि ते वाक्य इतिवृत्तात उतरले, तर घोषणा पुरी झाली. अर्ध्या मिनिटाचे काम. पुढे कोणी हरकत घेतली, तर त्या सदस्याच्या बाजूने बोलायला इतिवृत्तातली ती ओळ असते.

मुंबईच्या कायद्याची वाट मात्र वेगळी आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम १६ नुसार, पालिकेशी झालेल्या करारात किंवा पालिकेच्या नोकरीत ज्याचा स्वतः अथवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, हिस्सा किंवा हितसंबंध आहे, तो नगरसेवक होण्यास व राहण्यास अपात्र ठरतो. काही संबंध यातून वगळले आहेत: कंपनीचे शेअर असणे, पालिकेच्या जाहिराती छापणाऱ्या वर्तमानपत्रात हिस्सा असणे, स्थावर मालमत्तेच्या खरेदी-विक्रीचा वा भाडेपट्ट्याचा करार असणे, वगैरे. अपात्रतेचा वाद लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांपुढे जातो. एकूण रचना अशी, की सिद्ध झाले तर पद गेले, नाही झाले तर काहीच नाही. छोटासा संबंध प्रामाणिकपणे सांगून मोकळे होण्याची जागा या दोन टोकांच्या मध्ये असायला हवी. तीच इथे अरुंद आहे, आणि प्रस्तुत विषयातली खरी उणीव हीच.

‘अप्रत्यक्ष’ या शब्दावर पुष्कळ काही अवलंबून असते. करारांच्या तरतुदीत भागीदाराचे नाव घेतले आहे. नवरा, बायको व अवलंबित यांचा स्पष्ट उल्लेख, अनधिकृत बांधकाम केल्यास नगरसेवकाला अपात्र ठरवणाऱ्या, नंतर आलेल्या तरतुदीत आढळतो. २०१२ च्या निवडणुकीपासून मुंबईत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. प्रभाग राखीव झाला की काही ठिकाणी आधीच्या नगरसेवकाच्या पत्नीला उमेदवारी मिळते. अशा घरात धंदा एकाच्या नावावर आणि पद दुसऱ्याच्या, त्यामुळे कुटुंबाचे हितसंबंध जाहीर करण्याचा प्रश्न इथे फार जवळचा आहे.

सध्या मतदाराच्या हाती ठोस असे पडते ते उमेदवाराचे शपथपत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांनंतर उमेदवाराची मालमत्ता, कर्जे, गुन्हे व शिक्षण जाहीर होऊ लागले आणि राज्य निवडणूक आयोगाने पालिका निवडणुकांतही शपथपत्र मागायला सुरुवात केली. हे शपथपत्र म्हणजे अर्ज भरल्या दिवसाचा फोटो. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी भरलेल्या शपथपत्रात त्यानंतर स्थापन झालेली कंपनी, मिळालेले सल्लागारपद किंवा जुळलेली भागीदारी दिसणार नाही. पाच वर्षांत संबंध बदलतात, कागद तोच राहतो. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. तीत पगारी संचालकपद, कंपनीवर नियंत्रण देणारे शेअर, सल्लागाराचे काम यांची नोंद होते. इंग्लंडमध्ये २०११ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार नगरसेवकाला पद घेतल्यापासून २८ दिवसांत आर्थिक हितसंबंध कळवावे लागतात, आणि तिथल्या नमुना आचारसंहितेत ५० पौंड व त्यावरील भेट नोंदवायला सांगितले आहे.

भेटवस्तूंच्या अशा नोंदवहीची तरतूद १८८८ च्या कायद्यात नाही. गणपती ते दिवाळी हे दोन-तीन महिने नगरसेवकाच्या कार्यालयात बसून पाहावे. शाल-श्रीफळ, पुष्पगुच्छ, भिंतीला टेकवलेली सन्मानचिन्हे. यांत कोणाला काही वाटण्याचे कारण नाही. मग मिठाईचे डबे येऊ लागतात, आणि एखाद्या डब्यात काजुकतलीच्या खाली चांदीचे नाणे असते. डबा आणणारा कंत्राटदाराचा माणूस ‘साहेबांनी दिवाळी पाठवलीय’ एवढेच म्हणून जिना उतरतो. त्याहून अवघड प्रकार मंडळाचा. नगरसेवक ज्या सार्वजनिक मंडळाचा अध्यक्ष किंवा आधारस्तंभ, त्याच्या कमानीवर विकासकाची जाहिरात लागते. पैसा मंडळाच्या खात्यात जातो, पण नाव नगरसेवकाचे मोठे होते. वैयक्तिक भेटींच्या यादीत ही देणगी बसत नाही, म्हणून ती वेगळ्या रकान्यात का होईना, यायलाच हवी.

नोंदवही नसली तरी कायदा गप्प नाही. नगरसेवक हा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ खाली लोकसेवक ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये राजस्थानातील एका प्रकरणात स्पष्ट केले. रोख रकमेपलीकडचा गैरवाजवी लाभही लाचेत धरला जातो, लाच घेण्याला ३ ते ७ वर्षे कैद आहे आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. तक्रार वरळीला मुख्यालय असलेल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, १०६४ या क्रमांकावरही करता येते.

एखाद्या नगरसेवकाने स्वतःहून नोंद ठेवायची ठरवली, तर साधी शंभर पानी वही पुरते. तारीख, देणाऱ्याचे नाव, त्याचे पालिकेत कोणते काम चालू किंवा प्रलंबित आहे, वस्तूची अंदाजे किंमत, आणि तिचे पुढे काय केले, एवढे रकाने. यांतला तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण शेजाऱ्याचा डबा आणि ठेकेदाराचा डबा त्यानेच वेगळे होतात. भेट परत केली असेल तर परत घेणाऱ्याची सही त्याच ओळीपुढे घ्यावी.