स्मार्ट बल्बवर मुक्तस्रोत फर्मवेअर बसवणे

वाय-फायवर चालणाऱ्या एलईडी बल्बमधील उत्पादकाची आज्ञावली (फर्मवेअर) पुसून तिच्या जागी कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी आज्ञावली बसवण्याची प्रथा. ठाणे आणि नवी मुंबईतील हौशी मंडळी तिला ‘बल्ब फ्लॅश करणे’ किंवा, टॅस्मोटा या प्रचलित मुक्तस्रोत आज्ञावलीच्या नावावरून, नुसते ‘टॅस्मोटा टाकणे’ म्हणतात. मूळ स्थितीत बल्ब लावण्याची आज्ञा फोनमधून निघते, उत्पादकाच्या किंवा त्याला सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तेथून घरी परतते. फर्मवेअर बदलल्यावर ती घरातल्या राउटरवरून थेट बल्बला पोचते. त्यामुळे इंटरनेट बंद असले किंवा कंपनीने ती सेवाच गुंडाळली, तरी विकत घेतलेला दिवा मालकाच्या ताब्यात राहतो. प्रथेचे खरे मोल यातच आहे. रंग बदलण्याच्या करामती दुय्यम होत.

उगम : प्रथेचे मूळ कोठे धरावे याची मांडणी दोन प्रकारे होते. एका मांडणीनुसार ते राउटरांत आहे. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये जीपीएल या, स्रोत खुला ठेवण्याची अट घालणाऱ्या परवान्याखालील लिनक्स वापरलेले असल्यामुळे २००३ मध्ये कंपनीला त्याचा स्रोत खुला करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठीच्या मुक्तस्रोत फर्मवेअरचा प्रकल्प सुरू झाला. विकत घेतलेल्या उपकरणावर आपले सॉफ्टवेअर चढवण्याची सवय तेथून लागली, असे हे मत. दुसरी मांडणी प्रथेला अर्डुइनोच्या, म्हणजे २००५ पासूनच्या हौशी मायक्रोकंट्रोलर परंपरेत बसवते. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ ही चिप २०१४ मध्ये अत्यंत स्वस्त मॉड्यूलच्या रूपात बाजारात आली आणि लवकरच तिच्यासाठी अर्डुइनोच्या पद्धतीने कोड लिहिता येऊ लागला. पुढे घरगुती स्विच आणि बल्ब बनवणाऱ्यांनी तीच चिप वापरली, तेव्हा हौशी लोकांना आपली ओळखीची चिप दुकानातल्या डब्यात सापडली.

दुसरी मांडणी अधिक पटते. बल्बमधील चिपवर लिनक्स चालत नाही; तिची साठवण बहुधा १ एमबी असते. शिवाय येथे उत्पादकाने स्रोत खुला केलेला नव्हता, सारे नव्याने लिहावे लागले. नेदरलँड्सचे थिओ आरेंड्स यांनी साधारण २०१६-१७ च्या सुमारास सोनऑफ या नावाच्या वाय-फाय स्विचसाठी लिहिलेल्या आज्ञावलीतून टॅस्मोटा वाढले. त्याच काळात स्पेनमधील शोसे पेरेस यांच्या ईएसपुर्ना प्रकल्पाने एआय-थिंकरच्या रंगीत बल्बला आधार दिला. बल्बवरील काम तेव्हापासून धरावे, हे सुरक्षित. ऑटो विंटर यांचे ईएसपीहोम हे अशाच प्रकारचे फर्मवेअर २०१८ चे. २०२१ मध्ये ते होम असिस्टंट या घरगुती उपकरणे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमागील नाबू कासा कंपनीकडे आणि २०२४ मध्ये ओपन होम फाउंडेशनकडे गेले.

चिपबदल : प्रथेच्या इतिहासातील निर्णायक घटना चीनमधील हांगचौच्या तुया कंपनीशी निगडित आहेत. ही कंपनी मॉड्यूल, अ‍ॅप आणि सर्व्हर असे तिन्ही पुरवते. बल्बवर नाव मात्र दुसऱ्याचे असते. भारतीय नावाने विकले जाणारे अनेक बल्ब आतून तुयाचेच निघतात. डिसेंबर २०१८ मध्ये लाइपझिग येथील ३५सी३ या संगणक-सुरक्षा परिषदेत मिखाएल स्टायगरवाल्ड यांनी या उपकरणांतील सुरक्षेच्या त्रुटी दाखवल्या. त्यावर आधारलेले तुया-कन्व्हर्ट हे साधन पुढच्याच वर्षाच्या आरंभी उपलब्ध झाले. त्यात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक स्वतःला तुयाचा सर्व्हर म्हणून सादर करी आणि जोडणीच्या स्थितीत लुकलुकणारा बल्ब नवे फर्मवेअर हवेतूनच उतरवून घेई. बल्ब उघडण्याची गरज उरली नव्हती. तुयाने नव्या आवृत्त्यांत ही वाट बुजवली.

त्याहून मोठा अडथळा चिपचाच आला. २०२० नंतर तुयाच्या स्वस्त मॉड्यूलांत ईएसपी ८२६६ ऐवजी बेकेन कंपनीच्या बीके७२३१टी आणि बीके७२३१एन या चिपा येऊ लागल्या. त्यांचा गाभा एआरएम घराण्याचा, साठवण २ एमबी. टॅस्मोटा त्यांवर चालत नाही. एकाच नावाचे, एकाच खोक्यातले दोन बल्ब आतून वेगळे निघू शकतात, आणि खोक्यावरून ते कळत नाही. बेकेनसाठी पुढे ओपनबेकेन आणि लिब्रेटाइनी हे प्रकल्प उभे राहिले. लिब्रेटाइनीमुळे ईएसपीहोम २०२३ पासून या चिपांवर चालते. तुया-क्लाउडकटर या साधनाने २०२२ मध्ये बिनतारी वाट पुन्हा उघडली. बल्बच्या जोडणीच्या कोडमधील स्मृतीच्या दोषाचा त्यात उपयोग केलेला आहे.

तारेने फ्लॅश करणे : बिनतारी वाट बंद असेल तर बल्ब उघडावा लागतो. पांढरा घुमट सिलिकॉनने चिकटवलेला असतो; पातळ पाते कडेने फिरवले की तो सुटतो. आत अ‍ॅल्युमिनियमची तबकडी, तिच्यावर पांढऱ्या आणि रंगीत एलईडींची वर्तुळे, आणि मधल्या खाचेतून उभे डोकावणारे वाय-फाय मॉड्यूल दिसते. अँटेना धातूआड दबू नये म्हणून ते असे उभे बसवतात. मॉड्यूलच्या बारीक ठिपक्यांवर वीज, ग्राउंड, टीएक्स (माहिती पाठवणारी) आणि आरएक्स (माहिती घेणारी) अशा चार तारांना डाग द्यायचा. ईएसपी ८२६६ असेल तर वीज देताना जीपीआयओ ० ही पिन ग्राउंडला टेकलेली हवी. बेकेनमध्ये तसे नसते, संगणक चिपला साद घालत असताना तिचा पुरवठा क्षणभर तोडून जोडावा लागतो. या तारा संगणकाला जोडणारा युएसबी-सिरीयल अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच हवा. अशा अडॅप्टरांत आढळणाऱ्या एफटी२३२आर चिपचा अंगचा ३.३ व्होल्टचा पुरवठा अवघा ५० मिलीअँपिअर देतो. वाय-फाय चिप काही क्षण त्याच्या कित्येक पट प्रवाह मागते, त्यामुळे फ्लॅशिंग मध्येच तुटते आणि दोष बल्बवर जातो. वेगळा ३.३ व्होल्ट रेग्युलेटर लावणे श्रेयस्कर. हे साहित्य ठाणे-वाशीकर ऑनलाइन मागवतात किंवा ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून आणतात.

धोका येथेच आहे आणि तो स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. बहुसंख्य बल्बांतील वीजपुरवठा मेन्सपासून विलग नसतो. २३० व्होल्टचा दाब एकदिश केल्यावर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातो, आणि मॉड्यूलचे ‘ग्राउंड’ त्याच मंडलाशी थेट जोडलेले असते. होल्डरमध्ये लावलेल्या बल्बला सिरीयल तारा जोडल्या तर संगणक जळतो आणि माणसाचा जीव जाऊ शकतो. तारा लावायच्या त्या बल्ब होल्डरबाहेर काढून, कपॅसिटर रिकामा झाल्याची मल्टिमीटरने खात्री करून. उघड्या बल्बला पुन्हा मेन्सवर लावून पाहण्याचा मोह टाळावा.

मांडणी आणि चालक : फर्मवेअर चढले म्हणजे काम संपत नाही. कोणती पिन कोणत्या रंगाची, हे सांगणारा साचा भरावा लागतो. काही बल्बांत लाल, हिरवा, निळा, थंड पांढरा आणि उबदार पांढरा अशा पाच वाहिन्या थेट पीडब्ल्यूएमवर (वेगाने चालू-बंद करून तेज ठरवण्याच्या पद्धतीवर) असतात. काहींत एसएम२१३५ किंवा बीपी५७५८डी असा एलईडींना प्रवाह पुरवणारा स्वतंत्र चालक असतो. त्याला प्रवाह किती सोडायचा ते आकड्याने सांगावे लागते आणि आकडा चढा पडला तर एलईडी अकाली मरतात. मूळ फर्मवेअर बहुधा रंगीत आणि पांढरे दिवे एकत्र पूर्ण तेजाने लावू देत नाही. हे बंधन उष्णतेसाठी असते. ईएसपीहोममध्ये तसे बंधन घालण्याची सोय आहे आणि ती वापरावीच, विशेषतः बल्ब बंद झुंबरात किंवा छतातल्या खोबणीत असेल तर.

ठाणे-नवी मुंबईतील वापर : या पट्ट्यात वायरिंगला हात न लावता होणारा बदल म्हणून बल्बला पसंती दिसते. महापे, रबाळे, ऐरोली येथील कार्यालयांत काम करणारे बरेच जण ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतात. घर बदलताना पिनांच्या होल्डरातला बल्ब काढून बरोबर नेता येतो, भिंतीतला स्मार्ट स्विच नेता येत नाही. घोडबंदर रोड किंवा खारघरच्या उंच इमारतींत एका मजल्यावरून डझनावारी राउटर दिसतात. हे बल्ब केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून राउटरचा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा पाहून पक्का करणे उपयोगी पडते.

पावसाळ्यात वीज थोड्या थोड्या वेळाने जाते-येते, त्याचा या बल्बांवर एक विशिष्ट परिणाम होतो. टॅस्मोटामध्ये १० सेकंदांपेक्षा कमी अंतराने लागोपाठ ७ वेळा वीज गेली-आली, तर उपकरण सर्व मांडणी विसरून मूळपदावर येते. अडकलेला बल्ब सोडवण्यासाठी ही सोय आहे, पण वादळी संध्याकाळी ती आपोआप घडू शकते. ‘सेटऑप्शन६५’ ही आज्ञा १ वर ठेवली की ती बंद होते. ‘पॉवरऑनस्टेट’ योग्य न ठेवल्यास पहाटे वीज परतताच शयनगृहातला दिवा आपोआप लागू शकतो. घरात वडीलधारी मंडळी असतील तर हे आधी पाहावे. भिंतीवरचे बटण बंद केले की बल्ब वाय-फायवरून नाहीसा होतो, यावर मात्र कोणत्याही फर्मवेअरकडे उपाय नाही. दिवाळीत कंदिलासाठी एलईडी पट्ट्या वापरणारे याच घराण्यातील डब्ल्यूएलईडी फर्मवेअर वापरतात.

कायदा आणि हमी : फर्मवेअर बदलल्यावर उत्पादकाची हमी बहुधा संपते. प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम ५२(१)(एबी) नुसार, कायदेशीररीत्या हाती आलेल्या आज्ञावलीबाबत परस्परजुळणीसाठी आवश्यक माहिती मिळवण्यास मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए तांत्रिक कुलूप तोडण्याला दंडनीय ठरवते, पण प्रताधिकारभंगाचा हेतू असेल तरच. स्वतःच्या बल्बवर स्वतंत्रपणे लिहिलेली आज्ञावली चढवणे या दोन्ही कलमांच्या मर्यादेत राहते, हे मत सयुक्तिक वाटते. असे बल्ब विकायचे झाल्यास गोष्ट बदलते : टॅस्मोटा जीपीएल ३ परवान्याखाली आहे, म्हणून ग्राहकाला स्रोत द्यावा लागतो, आणि एलईडी बल्बसाठी भारतीय मानक ब्यूरोची आयएस १६१०२ खालील सक्तीची नोंदणीही लागू होते.

सुरक्षा : टॅस्मोटाच्या पानाला आरंभी सांकेतिक शब्द नसतो, घरचे वाय-फाय शेजाऱ्यांशी वाटून घेतलेले असेल तर तो आधी लावावा. २०१९ मध्ये लिमिटेडरिझल्ट्स या नावाने लिहिणाऱ्या संशोधकाने लिफएक्सचा बल्ब उघडून त्याच्या साठवणीत घरच्या वाय-फायचा सांकेतिक शब्द उघड्या रूपात असल्याचे दाखवले. मुक्तस्रोत फर्मवेअरमध्येही तो चिपवर राहतोच. म्हणून बल्ब दुसऱ्याला देताना किंवा भंगारात घालताना टॅस्मोटाची ‘रीसेट २’ ही साठवण पुसणारी आज्ञा द्यावी. बल्ब चालूच होत नसेल तर मॉड्यूल काढून मोडावे.