सही कोणत्या पेनाने घ्यावी? या प्रश्नामागचा इतिहास

सोळाव्या शतकात जर्मन विद्यापीठांतले विद्यार्थी गुरूंचे आणि मित्रांचे हस्ताक्षर एका वहीत जमवत. तेव्हा पेन निवडायचा प्रश्नच नव्हता. पिसाची लेखणी आणि मायफळ-हिराकसाची काळी शाई, एवढंच हाताशी असे. ही शाई कागदाच्या तंतूंत मुरते, म्हणून त्या सह्या आजही वाचता येतात. मात्र तिच्यातल्या आम्लाने कित्येक कागद अक्षरांच्या जागीच कुरतडले गेले आहेत.

कागद होता तोवर शाईचं निभावलं. चाहते चेंडू, बॅट, चकचकीत छायाचित्रं पुढे करू लागले आणि खरी अडचण सुरू झाली, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्याची शाई धरतच नाही. मला यात सगळ्यात विलक्षण वाटते ती जॉन लाउड यांची गोष्ट. टोकाशी फिरती गोळी असलेल्या पेनाचं पेटंट त्यांनी 1888 मध्ये घेतलं, तेच मुळी लाकूड, चामडं अशा खरबरीत वस्तूंवर खुणा करण्यासाठी! आज चामड्याच्या चेंडूवर सही घेणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. पण ते पेन बाजारात रुजलं नाही. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने वर्तमानपत्राच्या चटकन वाळणाऱ्या शाईवरून धडा घेतला, 1938 मध्ये पेटंट मिळवलं, आणि ऑक्टोबर 1945 मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानात रेनॉल्ड्स या अमेरिकन उद्योजकाचं बॉलपेन साडेबारा डॉलरला विकलं जाऊ लागलं.

जुन्या सह्या पारखताना ही तारीख फार कामी येते. बेसबॉलपटू लू गेहरिग 1941 मध्ये वारले. त्यांची सही बॉलपेनची दिसली, तर ती खोटी समजायला हरकत नाही. बेब रूथ 1948 पर्यंत होते, त्यामुळे तिथे एवढ्यावरून निवाडा करता येत नाही.

बेसबॉलवर बॉलपेनच टिकलं. त्याची तेलकट, दाट शाई चामड्यात फारशी पसरत नाही. मार्करची शाई मात्र छिद्रांतून हळूहळू फुटते आणि काही वर्षांत अक्षरांभोवती धूसर कडा दिसू लागते. 1964 मध्ये शार्पी हे मार्कर पेन आलं तेव्हा ते कशावरही लिहितं म्हणून लोकांनी उचलून धरलं, आणि छायाचित्रांसाठी ते खरंच सोयीचं ठरलं. बॉलपेन तिथे घसरतं, जोर दिला तर फोटोवर खाच पडते. पण अशा मार्करमध्ये बहुधा विरघळणारा रंग असतो, आणि उन्हात तो उडतो. भिंतीवर टांगलेल्या फोटोवरची सही पुसट होते ती यामुळेच.

गडद जर्सी किंवा काळं हेल्मेट असेल, तर पारदर्शक शाई कितीही चांगली असली तरी दिसणार नाही. तिथे रंगाचे अपारदर्शक कण असलेले पेंट मार्कर लागतात. ते आधी नीट हलवून एखाद्या कागदावर चालवून पाहावे लागतात, नाहीतर पहिल्याच अक्षरावर रंगाचा ठिपका पडतो. सही झाल्यावर वस्तू लगेच पिशवीत टाकू नये; रंग पुरता वाळायला वेळ लागतो.