सोनेगावचे डाकोटा, डमडमचे कॉमेट

१९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि परत फिरायची. डिसेंबर १९५३ मध्ये यातले एक डाकोटा विमान उडताच कोसळले. १३ जण गेले, वाचला तो फक्त वैमानिक. इंजिन बंद पडले होते. अपघात भीषण होता, पण गूढ नव्हता: अवशेष हाताशी होते आणि सांगायला माणूस होता.

त्याच वर्षी २ मे रोजी कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून निघालेले कॉमेट हे प्रवासी जेट सहा मिनिटांत हवेतच तुटले आणि ४३ जण ठार झाले. काळ वादळांचा असल्याने दोष वाऱ्याच्या झोतांवर गेला. मग जानेवारी आणि एप्रिल १९५४ मध्ये आणखी दोन कॉमेट इटलीजवळच्या समुद्रावर, उंची गाठता गाठताच फुटली.

इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात एक वापरलेले कॉमेट टाकीत ठेवून त्याच्या केबिनमध्ये पाणी भरले. उंचीवर केबिनमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त दाब ठेवतात, तसा दाब चढवायचा, उतरवायचा; एक फेरी म्हणजे एक उड्डाण. पाणीच का? दाबलेली हवा फुटली की बॉम्बच, मग पहिली चीर कुठली हे कळणार कसे? पाणी जवळपास दबतच नाही, त्यामुळे फाटलेला पत्रा जागच्या जागी राहतो. १,२२१ खरी उड्डाणे आणि टाकीतल्या १,८३६ फेऱ्या झाल्यावर खिडकीच्या कोपऱ्याशी पत्रा फाटला. मेटल फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून धातूला आलेला थकवा!

कॉमेट बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणीत मात्र असाच सांगाडा १६,००० फेऱ्या टिकला होता. फसगत इथेच झाली. त्या सांगाड्यावर आधी उड्डाणातल्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन पाहिला होता. त्याने कोपऱ्यांचा धातू किंचित ताणला गेला आणि दाब उतरल्यावर तिथे उलटा, आवळणारा ताण उरला. चीर पडायला त्यामुळेच उशीर झाला. चाचणीनेच नमुना मजबूत केला होता.

कॉमेटच्या चौकशीत गुंतलेले ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड वॉरन यांना उड्डाणाची नोंद ठेवणारा ब्लॅक बॉक्स सुचला तो याच काळात. (रंग नारिंगी, नाव काळे.) तरी तपास पथक आजही आधी चार टोके शोधते: नाक, शेपूट, दोन्ही पंखांची टोके. चारही एकाच जागी सापडली, तर विमान जमिनीपर्यंत अखंड आले. शेपूट काही किलोमीटर मागे सापडली, की शोध तिथूनच सुरू होतो.