शालेय समुपदेशकांचे व्यावसायिक प्रशिक्षण : बडोद्याच्या संदर्भात

शाळेत समुपदेशक म्हणून काम करणारी व्यक्ती विद्यार्थ्यांच्या भावनिक व वर्तनविषयक अडचणी ओळखण्याची, त्या समजून घेण्याची आणि त्यांवर योग्य साहाय्य करण्याची क्षमता नोकरीच्या काळात ज्या अभ्यासातून, सरावातून आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीतून वाढवीत जाते, त्या सलग प्रक्रियेला शालेय समुपदेशकांचे व्यावसायिक प्रशिक्षण म्हणतात. परीक्षेची धास्ती, घरातला मृत्यू, विभक्त होणारे आईवडील, वर्गातली छळवणूक, शाळा टाळणे, अनावर राग, स्वतःला इजा करून घेणे असे प्रश्न समुपदेशकापुढे कधी कधी एकाच आठवड्यात येतात आणि पदवीच्या अभ्यासक्रमात त्यांची केवळ तोंडओळख झालेली असते. प्रस्तुत नोंदीत या प्रशिक्षणाचे सर्वसाधारण स्वरूप सांगून, बहुभाषक बडोदे शहरात ते कसे असावे लागते याचा विचार केला आहे.

भारतात शालेय मार्गदर्शनाची सुरुवात व्यवसायनिवडीच्या प्रश्नातून झाली. अलाहाबाद येथे १९४७ मध्ये ब्यूरो ऑफ सायकॉलॉजी स्थापन झाला आणि १९५४ मध्ये केंद्र सरकारने शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाचा मध्यवर्ती विभाग सुरू केला. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळांतील मार्गदर्शनावर भर दिला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन प्राथमिक शाळेपासूनच हवे असे सांगून, किमान व्यवस्था म्हणून दहा शाळांच्या गटामागे एक फिरता समुपदेशक असावा अशी शिफारस केली. या परंपरेचा ठसा अजून पुसला गेलेला नाही. दहावीनंतर विज्ञान घ्यावे की वाणिज्य हे विचारण्यासाठी पालक समुपदेशकाकडे निःसंकोच येतात, पण मूल रात्र रात्र झोपत नाही हे सांगायला येताना त्यांचे पाय अडखळतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वर्षे वयोगटातील मानसिक आजारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले होते. निदानाच्या व्याख्येत न बसणारे परंतु शिकण्यात अडथळा आणणारे ताण या आकड्याच्या बाहेरच राहतात.

शिक्षणाच्या बाबतीत बडोद्याचा वारसा मोठा आहे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र यांची एकच विद्याशाखा आहे, ही समुपदेशनाच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट होय. तिथल्या शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्राने शैक्षणिक संशोधनाचा देशव्यापी आढावा घेण्याचे काम केले. मानव विकास व कुटुंब अध्ययन विभागात टी. एस. सरस्वती यांच्यासारख्या अभ्यासकांनी भारतीय कुटुंबातील बालपण आणि किशोरवय यांचा पाया घालणारा अभ्यास केला, आणि या विभागाची ‘चेतन बालवाडी’ ही प्रयोगशाळा-बालवाडी मुलांच्या निरीक्षणाचे प्रत्यक्ष शिक्षण देते. मूल कसे बघावे हे शिकण्याची सोय असलेली अशी शहरे देशात थोडीच आहेत.

या व्यवसायात प्रवेश करण्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या २०१८ च्या संलग्नता उपविधींनुसार (शाळा मंडळाशी जोडण्याच्या नियमांनुसार) माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांनी पूर्णवेळ समुपदेशक नेमावयाचा असतो. नववी ते बारावीच्या वर्गांत ३०० पेक्षा कमी विद्यार्थी असल्यास अर्धवेळ नेमणुकीची मुभा ठेवली होती. मानसशास्त्रातील पदवी, बालविकासातील पदव्युत्तर पदवी किंवा अन्य पदवीसोबत मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका अशा पात्रता त्या उपविधींत दिल्या होत्या. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सहा महिने दूरशिक्षण, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि तीन महिने शाळेतील अनुभव अशा टप्प्यांत रचलेला आहे. गुजरातसाठी त्याचे जवळचे केंद्र म्हणजे भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात दिलेल्या निर्देशांत १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता ठेवण्यास सांगितले, तसेच शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी या सर्वांना मानसिक आरोग्याविषयी वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण देणे बंधनकारक केले. इतरांना हे शिकवण्यात शाळेतल्या समुपदेशकालाही हातभार लावावा लागणार, म्हणजे त्याची स्वतःची तयारी आणखी पक्की हवी.

प्रशिक्षणाच्या आशयात वर्तनाचे विश्लेषण हा भाग सर्वांत उपयोगी आहे आणि दुर्दैवाने सर्वांत घाईने उरकला जातो. एखादा मुलगा गणिताच्या तासाला बाकावर हात आपटतो, शेजाऱ्याची वही फाडतो आणि वर्गाबाहेर उभा केला जातो, अशी तक्रार आली की समुपदेशकाने प्रथम तीन गोष्टी लिहून ठेवायच्या असतात : वर्तनाच्या आधी काय घडले, वर्तन नेमके काय होते आणि त्यानंतर मुलाला काय मिळाले. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींतून बहुधा असे दिसते की फळ्यावर बोलावण्याच्या सुमारासच ही कृती होते आणि वर्गाबाहेर उभे राहणे ही मुलाच्या दृष्टीने सुटका असते. मग शिक्षा वाढवून काहीच साधत नाही, हे शिक्षकांनाही पटते. गणितात नेमके कुठे अडते हे तपासावे लागते आणि मदत मागण्याची दुसरी रीत मुलाला शिकवावी लागते. अशा वर्तनामागे कधी अध्ययन अक्षमता असते, जिचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत आहे. कधी कारण अगदी साधे निघते. नवरात्रात बडोद्याचा गरबा मध्यरात्रीपर्यंत रंगतो आणि त्या दिवसांत वर्गात पेंगणाऱ्या, चिडचिड करणाऱ्या मुलाला समुपदेशनाची नव्हे, झोपेची गरज असते. घटना आणि अर्थ वेगळे ठेवून नोंद करण्याची ही सवय वाचून येत नाही. प्रत्यक्ष वर्गात बसून, दुसऱ्या निरीक्षकाच्या नोंदीशी आपली नोंद ताडून पाहिल्यावरच ती जडते.

प्राथमिक चाचपणीसाठी काही प्रश्नावल्या वापरल्या जातात. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली २५ विधानांची ‘स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज’ प्रश्नावली त्यांपैकी प्रसिद्ध आहे. प्रश्नावलीतून निदान होत नाही आणि अधिकृत नसलेले घरगुती भाषांतर वापरू नये, एवढे या बाबतीत शिकवले तरी पुरेसे आहे.

भावनिक अडचणींच्या बाबतीत ऐकण्याचे कौशल्य, लहान लहान पावलांनी प्रश्न सोडवण्याची पद्धत, विचार-भावना-कृती यांचा संबंध मुलाला दाखवून देणाऱ्या वर्तनोपचारातील तंत्रांची ओळख हा प्रशिक्षणाचा गाभा असतो. मात्र समुपदेशकाची खरी कसोटी जोखमीच्या प्रसंगी लागते. जगण्याचा कंटाळा आल्याचे मूल सूचित करते तेव्हा आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे सरळ आणि शांतपणे विचारावे; विचारल्याने तो विचार रुजतो ही समजूत चुकीची आहे. हा प्रश्न तोंडातून न अडखळता निघावा यासाठी प्रशिक्षणात तो पुन्हा पुन्हा उच्चारून पाहावा लागतो. त्यानंतर मुलाला एकटे न सोडणे, पालकांना बोलावणे, घरातील घातक वस्तू दूर ठेवायला सांगणे आणि पुढील उपचारासाठी पाठवणे हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे. बडोद्यात सर सयाजीराव रुग्णालयाचा मनोविकार विभाग आणि कारेलीबागेतील शासकीय मानसिक आरोग्य रुग्णालय ही ठिकाणे समुपदेशकाला केवळ पत्त्याने ठाऊक असून भागत नाही. तिथे स्वतः जाऊन, नोंदणी कशी होते आणि पालकांनी सोबत काय न्यावे हे पाहून यावे. टेली-मानस (१४४१६), चाइल्डलाइन (१०९८) आणि मनोदर्पण (८४४८४४०६३२) हे मदतवाहिन्यांचे क्रमांक शाळेत दिसतील असे लावावेत.

गोपनीयतेचे शिक्षण कायद्याच्या शिक्षणापासून तोडता येत नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे अशा अपराधाची माहिती असलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक असून, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षेची तरतूद आहे. तेव्हा ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असे वचन समुपदेशकाने देऊच नये. कोणती गोष्ट दोघांतच राहील आणि कोणती सुरक्षिततेसाठी सांगावी लागेल, हे पहिल्याच भेटीत मुलाच्या वयाला समजेल अशा भाषेत सांगण्याचा सराव प्रशिक्षणात झाला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे, हेही समुपदेशकाला शिक्षकांच्या खोलीत सौम्यपणे पण ठामपणे सांगता आले पाहिजे.

बडोद्यात या सगळ्याला भाषेचा पदर आहे. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकापासून इथे आलेली मराठी कुटुंबे दांडिया बाजार, रावपुरा आणि शहराच्या नव्या वस्त्यांतही आहेत. त्यांच्या घरातले मूल आजीशी मराठीत, मित्रांशी गुजरातीत आणि वर्गात बहुधा इंग्रजीत बोलते. समुपदेशकाचे विद्यापीठीय शिक्षण इंग्रजीत झालेले असते, कारण सयाजीराव विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी आहे. परिणामी ‘पोटात गोळा येतो’ किंवा ‘गभरामण थाय छे’ (घाबरल्यासारखे होते) असे मूल सांगते तेव्हा ते पचनाच्या तक्रारीखाली जाऊन बसते आणि त्यामागची चिंता निसटते. म्हणून इथल्या प्रशिक्षणातील संवादाचा सराव तिन्ही-चारी भाषांत व्हावा, आणि भाषा निवडण्याचा अधिकार मुलाचा असावा. पालकांशी बोलताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. एकत्र कुटुंबात निर्णय अनेकदा आजोबा किंवा काका घेतात. आईला एकटीला बोलावून दिलेला सल्ला घरी पोहोचेपर्यंत विरून जातो.

प्रशिक्षणाचा कणा मात्र पर्यवेक्षण हाच आहे, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. एका दिवसाच्या कार्यशाळेतून माहिती मिळते, प्रमाणपत्र मिळते. पण सोमवारी सकाळी समोर बसलेल्या रडणाऱ्या मुलीशी काय बोलावे हा प्रश्न तसाच राहतो. चांगल्या पर्यवेक्षणात वेगवेगळ्या शाळांतील पाच-सहा समुपदेशक ठरलेल्या दिवशी एखाद्या अनुभवी चिकित्सक मानसशास्त्रज्ञासोबत बसतात. प्रत्येक वेळी एखादेच प्रकरण घेतले जाते. मूल काय म्हणाले आणि आपण काय म्हणालो हे शक्य तितके शब्दशः मांडले जाते. कुठे आपण घाईने सल्ला दिला, कुठे मुलाने विषय बदलला, कुठे जोखमीची खूण नजरेतून सुटली, हे इतरांच्या प्रश्नांतून उलगडते आणि तोच प्रसंग पुन्हा अभिनीत करून पाहिला जातो. बडोद्यातील मराठी समाजात नातीगोती एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे केवळ नाव वगळून चालत नाही. इयत्ता, वस्ती, पालकांचा व्यवसाय असे तपशीलही बदलावे लागतात. ही बैठक समुपदेशकाच्या स्वतःच्या मनासाठीही आवश्यक आहे, कारण दिवसभर दुसऱ्यांची दुःखे ऐकणाऱ्याला ती उतरवून ठेवायला शाळेत जागा नसते.

हे काम कोणी करावे यासंबंधी ‘सेहर’ प्रकल्पाचा पुरावा महत्त्वाचा आहे. बिहारमधील नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित बिगर-तज्ज्ञ समुपदेशकांनी राबवलेल्या कार्यक्रमामुळे शाळेचे वातावरण सुधारले, विद्यार्थ्यांतील नैराश्याची लक्षणे आणि छळवणूक कमी झाली. तोच कार्यक्रम शिक्षकांकडे सोपवला तेव्हा परिणाम दिसला नाही. शिक्षक अपुरे पडतात असा याचा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. अध्यापनाच्या भारावर आणखी एक जबाबदारी लादून हे काम होत नाही, एवढेच त्यातून घ्यावे.

२०२४ या वर्षाने बडोद्याच्या शाळांना आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराची निकड दाखवून दिली. १८ जानेवारीला हरणी तलावात शालेय सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्यू पावल्या. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी मुलांना गोळा करून घडलेला प्रसंग सविस्तर बोलायला लावणे हितकारक नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पद्धतीत पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे अशी तीन कामे सांगितली आहेत : कोणाला तातडीची गरज आहे ते पाहावे, जो बोलेल त्याचे ऐकावे, आणि आप्त व सेवा यांच्याशी त्याला जोडून द्यावे. रिकाम्या बाकाचे काय करायचे, वर्गाला बातमी कोणत्या शब्दांत सांगायची, पहिल्या वर्षश्राद्धाच्या सुमारास कोणाकडे लक्ष ठेवायचे, या प्रश्नांची तयारी आपत्तीआधीच झालेली असली पाहिजे.

लहान अनुदानित शाळांना स्वतंत्र समुपदेशक परवडत नाही, आणि म्हणून कोठारी आयोगाची फिरत्या समुपदेशकाची कल्पना आजही विचारात घेण्याजोगी आहे. जवळच्या शाळांनी मिळून एक समुपदेशक नेमला आणि विद्यापीठाच्या विभागांनी त्याच्या पर्यवेक्षणाची जबाबदारी घेतली, तर बडोद्यात ती प्रत्यक्षात आणणे कठीण नाही. त्यासाठी मुख्याध्यापकांनी पर्यवेक्षणाचा वेळ समुपदेशकाच्या वेळापत्रकात कामाचा तास म्हणून नोंदवावा, आणि गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर पाठवण्यासाठी तो तास काढून घेऊ नये.