४६५, ५८७ आणि ‘एसएसएल’ची टिक : थोडी पार्श्वभूमी

नागपुरातल्या दहा-पंधरा माणसांच्या कुठल्याही जुन्या ऑफिसात जा, धरमपेठेतल्या सीएकडे, इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याकडे, नाहीतर हिंगणा एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये. टेबलाच्या काचेखाली मेलच्या सेटिंगचा एक कागद सापडतो. इनकमिंगचा आकडा स्वच्छ असतो, ९९५ किंवा ९९३. आउटगोइंगचा मात्र खोडलेला. आधी २५, मग ४६५, मग ५८७, आणि गेल्या काही वर्षांत कुठे कुठे परत ४६५. आकडा बदलणारा दरवेळी छातीठोकपणे सांगून गेलेला असतो की आधीच्या माणसाला कळत नव्हतं. त्या खाडाखोडीचा हा मागोवा. हे आकडे म्हणजे पोर्ट, सर्व्हरवरच्या वेगवेगळ्या खिडक्यांचे क्रमांक.

मुळापासून सुरुवात केली तर फार लांब जावं लागेल, म्हणून थोडक्यात. एसएमटीपी म्हणजे मेल पाठवण्याची भाषा, तिचा मूळ दस्तऐवज ऑगस्ट १९८२ चा. एमएक्स म्हणजे डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरकडे न्यायची हे सांगणारी नोंद, तिचा जानेवारी १९८६ चा. त्यात पासवर्ड नव्हता, कूटलेखन (एनक्रिप्शन) नव्हतं, आणि पत्र पेटीत टाकणं व एका पोस्टातून दुसऱ्या पोस्टात नेणं ही दोन्ही कामं एकाच २५ नंबरच्या खिडकीवर चालत. कोणाचीही मेल कोणाकडेही पोचवून देणं हा तेव्हा शेजारधर्म समजला जाई. सेंडमेल या तेव्हाच्या मेल सर्व्हर प्रोग्रामने हा दरवाजा मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली ती १९९८ मध्ये, ८.९ या आवृत्तीपासून. तोवर स्पॅमवाल्यांनी या शेजारधर्माचा पुरता बाजार मांडला होता आणि अशा सर्व्हरांची पहिली ब्लॅकलिस्ट १९९७ मध्ये येऊन गेली होती. मग चार महिन्यांत धडाधड सगळं झालं: मेल टाकण्यासाठी वेगळा ५८७ डिसेंबर १९९८ मध्ये, स्टार्टटीएलएस (कूटलेखनाची एक पद्धत, पुढे येईलच) जानेवारी १९९९ मध्ये, पासवर्डची पद्धत मार्चमध्ये.

नागपूरच्या छोट्या ऑफिसांना यातलं काही कळण्याचं कारण नव्हतं. देशात लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं ते महानगरांत, आणि नंतरही कित्येक वर्षं इथे ‘कंपनीची मेल’ म्हणजे मालकाच्या मुलाने उघडलेलं एक फुकटचं खातं. स्वतःच्या डोमेनची हौस फिटली २००५ च्या सुमारास. त्या वर्षी डॉट इन नावं सर्वांसाठी खुली झाली, ब्रॉडबँड आलं आणि स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा नेटवरचा पत्ता, मागितला तर मिळू लागला. मग टेबलाखाली एक असेम्बल केलेला पीसी, त्यावर लिनक्स, लिनक्सवर मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स आणि पेटीतली मेल वाचायला देणारा डव्हकॉट. भर मे महिन्यात कूलरची हवा माणसांना कमी आणि त्या डब्याला जास्त.

भारनियमनाचे ते दिवस. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या गच्चीवरून दिसायच्या आणि घरात अंधार. यूपीएसची बॅटरी दोन तासांत मान टाकायची. तरी येणारी मेल सहसा हरवत नसे, कारण पाठवणारा सर्व्हर ती क्यूत (रांगेत) धरून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स मुळातच पाच दिवस थांबतो. दिवे आले की दुपारची मेल संध्याकाळी एकदम धो धो यायची. बोंब असायची ती जाणाऱ्या मेलची. ‘भाऊ, मेल जाऊनच नाही राहिली ना’ या वाक्याने माझी त्या काळातली निम्मी सकाळ सुरू व्हायची.

आता मूळ गोष्टीकडे.

१९९७ च्या सुरुवातीला ४६५ हा क्रमांक ‘एसएमटीपीएस’ नावाने नोंदवला गेला. कल्पना सरळ होती. जोडणी झाल्या झाल्या आधी कूटलेखन, मग बोलणं. ब्राउझरसाठी ४४३ करतो तेच. १९९८ संपता संपता नोंद मागे घेतली गेली. कारणं दोन दिली जातात आणि त्यांची सरमिसळ होते, म्हणून इथे ती वेगळी करतो.

पहिलं कारण एमएक्सचं. एमएक्स रेकॉर्डमध्ये सर्व्हरचं नाव आणि अग्रक्रम लिहिता येतो, पोर्ट लिहायला जागाच नाही. म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याला मेल द्यायची तर तो २५ वरच जाणार. ४६५ वर कोणी बसलं आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. तेव्हा सर्व्हर-ते-सर्व्हर वाहतुकीसाठी वेगळा क्रमांक निरर्थक. हे बिनतोड आहे, मी आजही मान्य करतो.

दुसरं कारण तत्त्वाचं. प्रत्येक सेवेला साधा आणि सुरक्षित असे दोन दोन क्रमांक वाटत बसलो तर १०२४ च्या आतली मोजकी जागा संपेल, आणि वापरणाऱ्यापुढे ‘सुरक्षित की असुरक्षित’ एवढाच भाबडा प्रश्न उरेल. त्यापेक्षा एकाच क्रमांकावर साधं बोलणं सुरू करावं आणि मध्येच ‘आता कूटलेखन सुरू करू’ म्हणावं. हेच स्टार्टटीएलएस. १९९९ च्या जूनमध्ये हा विचार पीओपी आणि आयमॅप या मेल उतरवून घेण्याच्या पद्धतींनाही लावला गेला आणि ९९३, ९९५ वापरू नका असा सल्ला निघाला. गंमत अशी की ते दोन्ही क्रमांक नोंदवहीत राहिले आणि जग ते वापरत राहिलं. गेला तो फक्त ४६५. तो नुसता गेला नाही, मल्टिकास्टच्या (एकच प्रवाह अनेकांना पोचवण्याच्या) ‘यूआरडी’ नावाच्या एका प्रोटोकॉलला देऊन टाकला, जो मी आजवर कुठे चालू पाहिलेला नाही. त्याची खूण मात्र उरली. सेन्टओएस या लिनक्सवर नेटस्टॅट हा उघडे पोर्ट दाखवणारा आदेश चालवला की आपल्याच पोस्टफिक्सच्या खिडकीपुढे ‘यूआरडी’ अशी पाटी दिसते, आणि हे पाहून सर्व्हरमध्ये व्हायरस शिरला म्हणून रात्री अकराला फोन करणारे मला भेटले आहेत.

दोन्ही कारणांत एका माणसाचा विचार नव्हता: ऑफिसात बसून आउटलुक एक्सप्रेस या मेल प्रोग्रामातून पत्र टाकणाऱ्याचा. त्याला एमएक्सशी घेणंदेणं नाही. सर्व्हरचं नाव आणि पोर्ट तो हाताने भरतो. त्या प्रोग्रामात आउटगोइंगसाठी एकच टिक होती, ‘या सर्व्हरला एसएसएल लागतं’. पोर्ट २५ असेल तर टिक केल्यावर तो स्टार्टटीएलएस करायचा. दुसरा कुठलाही पोर्ट लिहिला की सरळ पहिल्या क्षणापासून कूटलेखन. म्हणजे नियमाप्रमाणे चालणाऱ्या ५८७ वर, टिक लावून, तो कधीच चालायचा नाही. इकडे ब्रॉडबँडवाल्यांनी स्पॅम रोखायला बाहेर जाणारा २५ बंद करायला घेतला. कर्मचारी घरून किंवा दौऱ्यावरून मेल टाकणार तर उरलं काय? रद्द झालेला ४६५. त्यामुळे २००५ नंतर ज्याने ज्याने छोटा सर्व्हर उभा केला, त्याने पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमधल्या ‘एसएमटीपीएस’च्या ओळींपुढची हॅशची खूण गुपचूप काढून त्या चालू केल्या. (खूण काढताना ओळीआधीची मोकळी जागाही पुसली तर पुढची ओळ वेगळी सेवा समजली जाते आणि पोस्टफिक्स उठतच नाही. ही चूक मी दोनदा केली आहे. दुसऱ्यांदा गिऱ्हाइकासमोर.)

पुढे आउटलुक २००७ ने टिकेच्या जागी यादी आणली: काही नाही, टीएलएस, एसएसएल, ऑटो. गुंता इथे पक्का झाला. एसएसएल हे याच कूटलेखनाचं जुन्या पिढीचं नाव, टीएलएस हे १९९९ नंतरचं. पण या यादीत त्या शब्दांचा अर्थ पिढी नव्हताच. ‘एसएसएल’ म्हणजे पहिल्यापासून कूटलेखन, ‘टीएलएस’ म्हणजे मध्येच सुरू होणारं. आत चालणारी आवृत्ती दोन्हीकडे तीच असू शकते. ज्याने नावावरून अर्थ लावला तो फसला, आणि सगळ्यांनी नावावरूनच लावला.

चुकीची जोडी लावली की काय होतं हे दोन्ही बाजूंनी बघण्यासारखं आहे. ४६५ ला ‘टीएलएस’ निवडलं तर क्लायंट, म्हणजे मेल प्रोग्राम, सर्व्हरच्या २२० ची (पहिल्या रामरामाची) वाट पाहतो आणि सर्व्हर क्लायंटच्या हातमिळवणीची. दोघंही ‘पहले आप’ म्हणत टाइमआउटपर्यंत गप्प. स्क्रीनवर फक्त ‘सर्व्हर प्रतिसाद देत नाही’, आणि दोष नेटवर ढकलला जातो. उलट ५८७ ला ‘एसएसएल’ निवडलं तर सर्व्हरने साध्या भाषेत केलेला २२० चा रामराम क्लायंट कूटलेखनाचं पाकीट समजून वाचायला जातो, आणि ओपनएसएसएल हा कूटलेखन करणारा प्रोग्राम ‘राँग व्हर्जन नंबर’ अशी तक्रार नोंदवतं. व्हर्जनचा इथे काडीचा संबंध नाही. पण या दोन-तीन शब्दांपायी लोकांनी ओपनएसएसएल अपडेट केलं, सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट नव्याने विकत घेतलं, एकाने तर अख्खा सर्व्हर फॉर्मॅट केला.

हाताने तपासणाऱ्यांसाठी आणखी एक खोडी आहे. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट या तपासणीच्या आदेशाने जोडणी करून आदेश टाइप करताना ओळ मोठ्या ‘आर’ने सुरू झाली तर तो ते अक्षर स्वतःसाठीचा इशारा समजतो आणि कूटलेखनाची बोलणी पुन्हा सुरू करतो. मेल कोणाला द्यायची ते सांगणारा ‘आरसीपीटी टू’ हा आदेश नेमका त्याच अक्षराने सुरू होतो. लहान लिपीत लिहिलं की काम होतं.

स्टार्टटीएलएसच्या बाजूनेही बोललं पाहिजे. २५ वर, दोन सर्व्हरांमध्ये, दुसरा पर्यायच नव्हता आणि नाही. आज मेल वाटेत सहसा उघडी जात नाही ते त्याच्यामुळे. पण माणूस-ते-सर्व्हर या टप्प्यात त्याची दुखरी नस लवकर उघडी पडली. आधी साधं बोलणं असल्यामुळे मध्ये बसलेला कोणीही ते पुसू शकतो. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी दोन दिवस घालवले. सर्व्हरचा रामराम बाहेरून पाहिला की २२० च्या पुढे नुसत्या चांदण्या, आणि आदेशांच्या यादीत स्टार्टटीएलएसच्या जागी एक्स-एक्स-एक्स. सर्व्हर निर्दोष होता. फायरवॉलमधली ‘एसएमटीपी तपासणी’ नावाची सोय मधल्या मध्ये शब्द खोडत होती. ती बंद केली, मेल सुरू झाली. ४६५ वर हा प्रकार होऊच शकत नाही, कारण खोडायला मजकूरच दिसत नाही. माझं मत त्या दिवशी बनलं आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

नंतरच्या घडामोडींनी वाद उलटसुलट फिरवला. ऑक्टोबर २०१४ मध्ये एसएसएल ३.० मधलं ‘पूडल’ हे भगदाड जाहीर झालं, जून २०१५ मध्ये ती आवृत्ती अधिकृतपणे बाद झाली. ‘एसएसएल असुरक्षित’ एवढंच ऐकून काही होस्टिंगवाल्यांनी ४६५ च बंद केला. शब्दाने फसवण्याची ही दुसरी खेप. काचेखालच्या कागदांवर ५८७ आला तो बहुतेक याच लाटेत. डिसेंबर २०१५ पासून फुकट सर्टिफिकेटं मिळू लागली आणि स्वतः सही केलेल्या सर्टिफिकेटाची लाल पट्टी गेली. बदल्यात नव्वद दिवसांची मुदत आली. नूतनीकरण आपोआप होतं, पण डव्हकॉटला रीलोड केलं नाही तर तो जुनंच सर्टिफिकेट दाखवत राहतो. पोस्टफिक्सच्या प्रक्रिया थोड्या वेळाने संपून नव्याने सुरू होतात, त्यामुळे जाणारी मेल चालते आणि येणारी अडते. हे लक्षण दिसलं की पहिल्यांदा तारीख बघावी.

आणि जानेवारी २०१८ मध्ये, वीस वर्षांनी, नवा दस्तऐवज निघाला. मेल टाकण्यासाठी पहिल्यापासूनचं कूटलेखन श्रेयस्कर, क्रमांक ४६५, नाव ‘सबमिशन्स’. यूआरडीची नोंद तिथेच राहिली. एका क्रमांकावर दोन भाडेकरू, अपवाद म्हणून. बदलाच्या काळात ५८७ ही चालू ठेवावा असंही त्यात आहे. २०२१ मध्ये संशोधकांनी स्टार्टटीएलएसच्या वेगवेगळ्या अंमलबजावण्यांत चाळीसहून अधिक त्रुटी दाखवल्या, तेव्हा उरलासुरला वाद माझ्यापुरता मिटला.

मधल्या काळात बरेच छोटे डोमेन टेबलाखालचा डबा सोडून गूगलच्या फुकट सोयीकडे गेले होते. ती २००६ मध्ये सुरू झाली, डिसेंबर २०१२ मध्ये नव्यांसाठी बंद झाली आणि २०२२ मध्ये जुन्यांनाही पैसे भरा म्हणून नोटिसा आल्या. त्यातले काही जण परतले, या वेळी भाड्याच्या व्हीपीएसवर (व्हर्च्युअल सर्व्हरवर). परतल्यावर त्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क आणि रिव्हर्स या पाठवणारा खरा आहे हे पटवणाऱ्या नोंदींचा वेगळाच डोंगर दिसला. फेब्रुवारी २०२४ पासून तर मोठ्या पेट्यांनी हे नियम कडक केले. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. मेल स्पॅममध्ये जाणं आणि मेल जागची न हलणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि गिऱ्हाईक दोन्हींना एकच नाव देतं, एवढंच इथे.

सध्या मी उभ्या करत असलेल्या सर्व्हरांवर ४६५ आणि ५८७ दोन्ही चालू असतात, कागदावर फक्त ४६५ लिहितो. एक ऑफिस अपवाद आहे. तिथलं स्कॅन करून मेल करणारं जुनं कॉपी मशीन टीएलएस १.२ बोलत नाही, म्हणून त्याची मेल आधी ऑफिसातल्याच एका जुन्या लिनक्स डब्यावर येते, साध्या २५ वर, आणि तो डबा पुढे पाठवतो. क्लायंट म्हणून पहिल्यापासून कूटलेखन करणं पोस्टफिक्सला ३.० पासून, म्हणजे २०१५ नंतर, जमू लागलं. डब्यावरचा पोस्टफिक्स २.१० आहे, म्हणून तो ५८७ वरून पाठवतो, आणि मालक तो बदलू देत नाहीत, कारण ‘चालून राहिला ना’. त्यांच्या काचेखाली ४६५ लिहिलेलं आहे, आणि खाली कंसात, मशीनसाठी, ५८७.