अडथळा ठरलेला पाऊस

रडार पावसासाठी बनलंच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात त्याचं काम होतं शत्रूची विमानं आणि जहाजं हेरायची. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन ही रेडिओलहरी निर्माण करणारी नळी तयार केली आणि सुमारे १० सेंटिमीटर तरंगलांबीच्या जोरकस लहरी हाती आल्या. आधीच्या काही मीटर लांबीच्या लहरींच्या खिजगणतीतही थेंब नव्हते. आता मात्र पडद्यावर सरींचे डाग उमटू लागले. रडारचालकांना ती कटकट वाटे. हवामानशास्त्रज्ञांना घबाड मिळालं.

डागावरून पाऊस कुठे आहे ते कळतं. किती आहे, ही खरी अडचण. लहरीच्या मानाने थेंब फार लहान असला, की त्याच्याकडून परतणारी ऊर्जा व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. २ मिलिमीटरच्या थेंबात १ मिलिमीटरच्या थेंबापेक्षा पाणी ८ पट, पण प्रतिध्वनी ६४ पट! थोडेसे टपोरे थेंबही हिशेब बिघडवतात. म्हणून कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात स्ट्यूअर्ट मार्शल आणि सहकाऱ्यांनी रंग लावलेल्या गाळणकागदावर पाऊस झेलला आणि प्रत्येक थेंबाचा डाग मोजला. काम किचकट, पण त्याशिवाय रडारच्या आकड्याला अर्थच नव्हता. १९४८ मध्ये मार्शल आणि पामर यांनी थेंबांच्या आकारांचं वितरण मांडलं. त्यातून आलेलं, प्रतिध्वनीवरून पाऊस किती ते काढण्याचं सूत्र आजही वापरतात. अर्थात रिमझिम आणि वादळी पाऊस एकाच सूत्रात नीट बसत नाहीत.

९ एप्रिल १९५३ रोजी इलिनॉयमध्ये पाऊस मोजण्यासाठीच्या रडारवर वादळाच्या कडेला आकड्यासारखा वळलेला प्रतिध्वनी दिसला. तिथेच टोर्नेडो होता. पण हा झाला आकारावरून बांधलेला अंदाज. वारा प्रत्यक्ष कसा फिरतोय हे डॉप्लर रडारने, म्हणजे थेंबांचा वेगही मोजणाऱ्या रडारने, दाखवलं. १९७३ मध्ये ओक्लाहोमातल्या युनियन सिटीच्या टोर्नेडोत ती फिरकी नोंदली गेली. १९९७ मध्ये उष्णकटिबंधातला पाऊस मोजणाऱ्या टीआरएमएम उपग्रहासोबत पर्जन्य रडार अवकाशातही गेलं.

थेंबाच्या आकाराचा प्रश्न मात्र उरलाच होता. पडताना मोठे थेंब चपटे होतात. १९७६ मध्ये सेलिगा आणि ब्रिंगी यांनी सुचवलं, की आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही ध्रुवणांच्या (म्हणजे कंपनाच्या दिशांच्या) लहरी वापरून हा चपटेपणाच मोजावा. गडगडत खाली येणाऱ्या गारा रडारला साधारण गोलच भासतात, त्यामुळे त्याही पावसापासून वेगळ्या काढता येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय रडारजाळ्यात ही सोय २०१३ पर्यंत बसवली गेली.