भरती वर्षभर आधी कळते, मग पाऊस का नाही?

मे महिन्यात आंबे उतरवताना आमच्याकडे हमखास कानावर येतं, “भरतीची वेळ वर्षभर आधी छापतात, मग पावसाची तारीख का नाही? आता एआय आलंय, तो सांगेल की!” नाही सांगणार.

भरती चालते चंद्र-सूर्याच्या ओढीवर, आणि ते दोघे वेळेचे पक्के. म्हणून तर होडीवाला तिथीची पाऊणपट करून मोकळा होतो. अष्टमी? आठाचे पाऊणपट सहा, मग पूर्ण भरती सहाच्या सुमारास. (संगणक कशाला हवा!)

हवेचं तसं नाही. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने संगणकावर हवामानाचं गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी नुसतं ०.५०६ भरलं. थोडं पुढे गेल्यावर त्या गणितातलं हवामान ओळखू येईना, इतकं आधीपेक्षा बदललं होतं. आपल्या प्रत्येक मोजणीत असं एखादं शेपूट सुटतंच. जे मोजलंच नाही, ते अक्कल वापरून कुठून आणणार? त्यामुळे दिवसवार अंदाज साधारण दोन आठवड्यांपुढे टिकत नाही.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. इशारा आधी मिळाला, पण जानेवारीत ती तारीख कुणालाच सांगता आली नसती. हवामान खातं एप्रिलमध्ये सांगतं तो अख्ख्या हंगामाचा अंदाज. मांडव कधी आवरायचा, ते त्यात नसतं.